एका दाराचं कपाट

कुरणवाडीत इकबाल मुलाणीला कुणी पेंटर म्हणत नाही. पेंटर म्हटलं की घराला डिस्टेंपर मारणारा माणूस डोळ्यांपुढं येतो. इकबालला चिन्हवाला म्हणतात. निवडणूक लागली की त्याला बोलवायला दोनदा माणूस येतो, आणि निवडणूक संपली की तोच माणूस रस्त्यात भेटला तर नुसती मान हलवतो. यात इकबालला काही वावगं वाटत नाही. लग्न झाल्यावर भटजींना तरी कोण विचारतं?

वाडी चाकणच्या अलीकडं, कंपन्यांच्या मागच्या अंगाला आहे. गावठाणात मूळचे लोक राहतात आणि कंपनी गल्लीत आलेले लोक राहतात. आलेल्यांना येऊन वीस वर्षं झाली, त्यांच्या पोरांची लग्नं झाली, तरी ते आलेलेच आहेत. इकबाल आला तो औशाकडून, कंपन्यांच्या भिंतींवर 'हेल्मेट वापरा' आणि 'येथे थुंकू नये' लिहायला. आणि आता हे ऐकून हसू नका, पण त्याला वाचता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं, आजही येत नाही. अक्षर काढायला ते वाचता यावं लागतं हे कुणी सांगितलं? घोडा काढणाऱ्याला काय खिंकाळता यावं लागतं? चिठ्ठीवर जे वळण असेल ते तो भिंतीवर उतरवायचा, काना-वेलांटीसकट, मागं निळी सावली देऊन. इतक्या वर्षांत त्याच्या पाटीत कुणाला चूक सापडलेली नाही, आणि शिकलेल्यांच्या पाट्या आपण बघतोच.

पुढं फ्लेक्स आला आणि त्याचा धंदा बसला. उरल्या त्या निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स वाऱ्यानं फाटतो, नाहीतर समोरच्या पार्टीचा कुणीतरी काढून गोठ्यावर घालतो. भिंत कोण काढून नेणार?

ग्रामपंचायतीला पक्षाची चिन्हं नसतात. यादी असते, त्यातलं एक घ्यायचं. माणसं यादी बघून गोंधळतात, म्हणून इकबालकडं येतात. त्यानं यावर फार विचार केलेला आहे. विमान घेऊ नये, निवडून आल्यावर दिसायचा नाही असं लोकांच्या मनात येतं. पंखा उन्हाळ्यात घ्यावा, थंडीत बघूनच हुडहुडी भरते. कात्री घेतलेला माणूस पडलाच म्हणून समजा. खाट घेतलेल्या एका उमेदवाराला तर लोक प्रकृतीची चौकशी करायला लागले होते, आणि तो खरंच पडला, दोन्ही अर्थांनी नव्हे, फक्त मतांनी. इकबालचं म्हणणं साधं होतं. मत देताना माणूस विचार करत नाही, ओळखतो. ज्याला बघून घरातलं वाटतं त्याच्यावर बोट आपसूक जातं. त्यानं चिन्ह निवडून दिलेल्या अकरा जणांपैकी सात जण निवडून आले होते. उरलेल्या चौघांनी रंगात कंजूषपणा केला, असं तो सांगायचा.

यंदा सोजराबाई उभी राहिली.

सोजराबाई शिंगारे कंपनी गल्लीच्या तोंडाशी खानावळ चालवते. मूळची भूम तालुक्यातली. नवरा भानुदास एका गोदामावर वॉचमन आहे, बोलायला कमी आणि जेवायला बरा. इकबाल बायको आणि कडेवरचं पोर घेऊन या वाडीत आला तेव्हा त्याला कुणी खोली देईना. नाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. सोजराबाईनं खानावळीमागची खोली दिली. रहिवासी दाखल्यासाठी ग्रामसेवक आढेवेढे घ्यायला लागला तेव्हा ती पिठाच्या हातानं तिथं गेली आणि म्हणाली, हा माझा भाऊ आहे, लिहा. ग्रामसेवकानं आडनावांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि लिहिलं. हे इकबाल विसरलेला नाही. ईदला शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं अजून तिच्याकडं जातं.

ती उभी राहिली ती पाण्यासाठी. गावचा नळ मारुतीच्या देवळापर्यंत आला आणि तिथं थांबला. पुढं कंपनी गल्लीत सव्वाशे घरं, पण पाइप मात्र देवळापाशी येऊन नमस्कार करून बसलेला. एकोणीस वर्षं सोजराबाई पहाटे देवळापासून पाणी वाहतेय. चाळीस पोरांचं जेवण त्या पाण्यावर होतं. उजवा खांदा उतरलेला आहे तिचा, लुगड्याचा पदर त्या बाजूनं सारखा घसरतो. दर निवडणुकीला नळ येणार म्हणून सांगतात. शेवटी ती म्हणाली, दुसऱ्याला सांगून बघितलं, आता मीच जाते. प्रचारात तिचं भाषण एवढंच होतं, की निवडून आले तर नळ गल्लीत आणीन, नाही आणला तर माझ्या खानावळीत कुणी जेवू नका.

महिलांची जागा होती. समोर माजी सरपंचांची सून करिष्मा, तिला कपबशी मिळाली. करिष्माचा अर्ज बाद झाला तर हाताशी असावा म्हणून त्याच भावकीतल्या वर्षालीचा एक डमी अर्ज भरून ठेवला होता. माघारीच्या दिवशी वर्षाली नणंदेच्या बाळाच्या बारशाला गेली आणि अर्ज काढायचा राहिला. त्यामुळं वर्षाली निवडणुकीला उभी राहिली. तिला फ्रिज हे चिन्ह मिळालं. ती प्रचाराला एकदाही बाहेर पडली नाही, तिचा स्वतःचा नवरा कपबशीचा प्रचार करत होता.

चिन्ह घ्यायला राजगुरुनगरला तहसील कचेरीत सोजराबाईबरोबर इकबाल गेला. यादीवरून त्यानं बोट फिरवलं आणि कपाटावर ठेवलं. सोजराबाई म्हणाली, शिट्टी बरी नाही का, वाजवता येते. इकबाल म्हणाला, "ताई, या गल्लीत प्रत्येक बाई पत्र्याच्या पेटीवर संसार मांडून आलीय. पहिला ओव्हरटाइम साठला की ती कपाट घेते. शिट्टी काय, वॉचमनकडं पण असते." भानुदास शेजारीच उभा होता, त्यानं आपली शिट्टी खिशात आणखी खोल ढकलली. कपाट ठरलं. तिथल्या साहेबांनी चिन्हाचा कागद दिला. त्यावरचं कपाट काळ्या रेघांचं, दोन दारांचं, मधे दोन ठिपक्यांएवढ्या मुठी, असं होतं. इकबालनं कागद लांब धरून बघितला आणि त्याला कीव आली. असलं कपाट कुणाच्या घरात असतं? गल्लीत तर एकाच्याही नव्हतं.

मग त्यानं काय केलं, तर सोजराबाईच्या घरातलं कपाट नीट बघून घेतलं आणि ते भिंतीवर काढलं. एका दाराचं, चॉकलेटी रंगाचं, उंच. दाराला लांब उभी मूठ. वरच्या बाजूला छोटा आरसा. मुठीला किल्ल्यांचा जुडगा. पहिली भिंत झाली आणि बायका जमल्या. एक म्हणाली, वर सुटकेस पाहिजे, सगळ्यांच्या असते. त्यानं सुटकेस काढली. दुसरी म्हणाली, सुटकेसवर गोधडी. गोधडी आली. सरूबाई म्हणून म्हातारी आहे, तिनं सांगितलं की आरशाला टिकल्या चिकटलेल्या दाखव, नाहीतर ते बाईचं कपाट वाटत नाही. त्यानं तीन टिकल्या काढल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर पोरींनी खऱ्या टिकल्या आणून रंगवलेल्या आरशाला लावलेल्या. बाजूला निळ्या सावलीत भलंमोठं 'सोजराताई'.

एकतीस भिंती रंगवल्या त्यानं. आयुष्यात इतकं चांगलं काम आपल्या हातून झालेलं नाही, हे त्याला माहीत होतं. दुसऱ्या पाळीची पोरं कंपनीच्या बसमधून उतरली की भिंतीसमोर थांबत. कपाटाला हात लावून बघत. एकानं तर आईला फोटो पाठवला म्हणे. कपबशीवाल्यांनी पुण्याहून फ्लेक्स आणले होते, त्याकडं कुत्रंही बघेना. इकबाल संध्याकाळी सायकलवरून सगळ्या भिंती बघून यायचा आणि गुलजारबीला, म्हणजे बायकोला, सांगायचा की यावेळी आठवा येणार.

भानुदासचा भाचा जयदीप आकुर्डीला एका कंपनीच्या ऑफिसात आहे. हुशार पोरगा. त्यानं मशीनवर दिसेल तशी मतपत्रिका कागदावर छापून आणली, तीनशे प्रती. तिन्ही बायकांची नावं, आडनाव आधी, पुढं काळी-पांढरी चिन्हं, नखाएवढी. म्हणाला, घरोघर वाटू, लोकांना जागा दाखवू. तिसरा नंबर आपला. इकबालनं ते कपाट बघितलं. म्हणाला, "हे वाटू नका. हे कपाट मेल्यासारखं दिसतंय. लोकांच्या मनात माझं बसलंय, ते कशाला उठवता?" जयदीप मामीकडं बघायला लागला. सोजराबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, चिन्हातलं इकबालभाऊला कळतं. तीनशे कागद खानावळीत राहिले, पुढं पोरांच्या ताटाखाली घालायला कामाला आले.

मतदान शाळेत होतं. इकबाल सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तीन जागा, तीन बटणं. पहिल्या दोन जागांवर त्याचं कुणी नव्हतं, तिथं त्यानं शेजाऱ्यानं सांगितलं ते दाबलं. मग महिलांची जागा आली. त्यानं वरून बघायला सुरुवात केली. पहिली कपबशी. तिच्याखाली एक दार, लांब उभी मूठ, वरच्या बाजूला छोटा चौकोन. त्याचं बोट गेलं. मशीन वाजलं. शाई लावलेलं बोट वर धरून तो बाहेर आला, आणि दारात चपला घालता घालता भिंतीवर चिकटवलेला नमुन्याचा कागद त्याला दिसला. तिथं गर्दी नव्हती, त्यानं सावकाश बघितलं. पहिली कपबशी. दुसरा फ्रिज. तिसरं कपाट, दोन दारांचं, काळ्या रेघांचं, मेल्यासारखं.

एक चप्पल पायात, एक हातात, असा तो बराच वेळ उभा राहिला. मागचा माणूस म्हणाला, चाचा, सरका. तो सरकला. एक मत गेलं, एकानं काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. घरी कुणाला बोलला नाही. आता चिन्हवाल्यानं चिन्ह चुकवलं हे काय सांगण्यासारखं आहे का?

मोजणी राजगुरुनगरला झाली. करिष्मा दोनशे बारा. सोजराबाई दोनशे नऊ. वर्षाली त्रेचाळीस. नोटा अकरा. त्रेचाळीस ऐकून सगळ्यात जास्त वर्षाली दचकली. नवऱ्यानं तिला दोन दिवस विचारलं की तू गुपचूप कुठं फिरत होतीस. बिचारी शपथा घेऊन थकली. गावठाणात एकच चर्चा, फ्रिजला मतं दिली कुणी? कुणी म्हणालं भावकीतली नाराजी, कुणी म्हणालं पैसे वाटले. एका शहाण्यानं तर सांगितलं की उन्हाळा जवळ आलाय, लोकांच्या मनात गारवा आहे. इकबाल हे सगळं ऐकत चहा प्यायला आणि पैसे न देताच उठला. दुकानदारानं हाक मारून परत बोलावलं.

तीन मतांनी. घरी तो जेवायला बसला. समोर मुलगा आमिर, जो चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसवर आहे, त्याची बायको अल्फिया, आणि गुलजारबी. इकबालनं सहज विचारल्यासारखं विचारलं, तुम्ही सगळ्यांनी कपाटच दाबलं ना?

"कपाटच दाबलं की अब्बा," आमिर म्हणाला. "दोन नंबरचं."

इकबालनं सुनेकडं बघितलं. अल्फिया दहावी पास आहे, पेपर वाचते. ती म्हणाली हो, वरून दुसरं, एका दाराचं. नाव बघितलं नाहीस का, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, नाव वाचायला कोण थांबतंय, भिंत पाठ होती. गुलजारबीनं रस्सा वाढता वाढता सांगितलं की तिला तर आत गेल्या गेल्या सापडलं, बाकीच्या बायका शोधत बसल्या होत्या. असं म्हणताना तिला नवऱ्याच्या कामाचा अभिमान वाटत होता.

इकबालनं बोटांवर हिशेब केला, तशी गरज नव्हती. त्याच्या घरातली चार. ही चार कपाटाला पडली असती तर दोनशे तेरा. एका मतानं नळ गल्लीत आला असता.

मग त्याच्या ध्यानात येत गेलं. पहिल्या भिंतीसमोर सरूबाईचं घर, तिच्या घरात पाच मतं. आरशाला टिकल्या लावणाऱ्या पोरींच्या आया. रोज बसमधून उतरून हात लावणारी पोरं. ज्यांनी भिंत रोज बघितली तीच माणसं चुकली असणार. गावठाणातल्या ज्यांना सोजराबाईशी देणंघेणं नव्हतं, ज्यांनी भिंतीकडं ढुंकून बघितलं नव्हतं, त्यांनी नाव वाचून बरोबर मत दिलं. म्हणजे परक्यांनी निवडून आणत आणलं होतं आणि घरच्यांनी पाडलं. त्याला इतकं वाईट वाटलं की तो उठून मोरीत गेला आणि तोंड धुतोय असं दाखवत रडला. गुलजारबीला वाटलं रस्सा तिखट झाला.

सकाळी तो सोजराबाईकडं गेला. ती चूल पेटवून बसली होती, भानुदास पाळीवरून येऊन जेवत होता. इकबाल उंबऱ्यातच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिथून ते चॉकलेटी कपाट दिसत होतं, वर सुटकेस, सुटकेसवर गोधडी.

"ताई," तो म्हणाला, "फ्रिजला माझ्या घरातली चार मतं गेली. पहिलं माझं."

मग त्यानं सगळं सांगितलं. दोन दारं, एक दार, मूठ, जयदीपचे कागद. काही लपवलं नाही. वाचता येत नाही हेही सांगितलं. ते तिला पहिल्यापासून माहीत होतं, पण तो पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हणाला. सोजराबाई ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उलटवली नाही. तिचा राग तिच्या कानांवर दिसतो, कान लाल झाले. इकबालला वाटलं, आता ती बोलेल ते ऐकून घ्यायचं आणि या घरी परत यायचं नाही.

ती म्हणाली, "चार तुझ्या घरातली. माझ्या घरातली किती, ते मी अजून विचारलेलंच नाही."

तिनं नवऱ्याकडं बघितलं. भानुदासचा घास ताटात आणि तोंडात यांच्या मधे थांबला. तो ताटाकडं बघत राहिला. ताटाखाली जयदीपचा कागद होता, दोन नंबरवर आमटीचा डाग पडलेला. मग भानुदास म्हणाला की आरसा बारीक दिसत होता, पण होता. एवढं बोलून तो परत जेवायला लागला, कारण पुढं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

सोजराबाई हसली नाही. असल्या वेळी बाया हसतात आणि सगळं गोड होतं, असं सांगणारे सांगतात, पण ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं धुराच्या नावावर खपवलं. म्हणाली, एकोणीस वर्षं झाली, आता चोवीस होतील. करपलेली भाकरी तिनं चुलीत टाकली आणि नवीन गोळा हातात घेतला.

इकबाल घरी आला नाही. त्यानं चुना कालवला आणि भिंती पांढऱ्या करायला लागला. निकालानंतर भिंती पुसायच्या असतातच, उमेदवारावर असतं ते. तीस भिंती त्यानं चार दिवसांत पुसल्या. एकतिसावी खानावळीची होती. तिथं कुंचला लावणार तोच सोजराबाई आतून म्हणाली, ती राहू दे, माझ्या घरची आहे. तो राहू देऊन गेला. अजून आहे ती. टिकल्या पावसानं गेल्या, मूठ आणि किल्ल्या आहेत.

पाचव्या दिवशी पहाटे सोजराबाई एक मोठा, एक लहान असे दोन कॅन घेऊन देवळापाशी गेली तर नळाला इकबाल आधीच उभा. त्याचे स्वतःचे दोन कॅन भरून बाजूला ठेवलेले. तिच्या हातातले त्यानं घेतले, भरले आणि उचलले. रांगेतल्या बायका बघत होत्या. तो पुढं आणि ती मोकळ्या हातानं मागं, असे दोघं गल्लीत आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याचं वय छप्पन्न, कंबर धरलेली, जन्मभर कुंचल्यापेक्षा जड काही उचललेलं नाही. देवळापासून खानावळीपर्यंत तो तीनदा थांबायचा. एकदा गुलजारबी म्हणाली की आमिरला पाठवा, तरणा आहे. तो म्हणाला, आमिरनं फक्त बटण दाबलंय.

आठ दिवस सोजराबाईनं हे बघितलं. ती तोंडानं माफ केलं म्हणाली नाही आणि आता येऊ नको असंही म्हणाली नाही. नवव्या दिवशी तो खानावळीच्या भिंतीपाशी, बरोबर त्या कपाटासमोर, दम खायला थांबला. कॅन खाली ठेवून उजवा खांदा चोळत होता. ती मागून आली, तिनं मोठा कॅन त्याच्या उजव्या बाजूचा उचलून डाव्या बाजूला ठेवला आणि स्वतःचा उतरलेला खांदा दाखवला.

"हात बदलत जा, इकबालभाऊ," ती म्हणाली. "पाच वर्षं न्यायचंय."

त्यानं मान डोलावली, हात बदलला आणि कॅन उचलून आत नेले.